रोटर वाकू नये म्हणून

कचोरी खाताना रडणारा माणूस आमच्या अख्ख्या टाउनशिपमध्ये एकच, माझा मेहुणा. काल दुपारी जवळच्या इंद्रपुरी बाजारातल्या ठेल्यावर आम्ही उभे होतो. पहिल्याच घासाला याचे डोळे भरले. ठेलेवाला घाबरला, "अंकल, मिर्ची ज्यादा हो गई क्या?" हा म्हणाला, "नहीं भैया, स्वाद आ रहा है," आणि अजून एक मागितली.

कित्येक वर्षं तो मनाच्या गोळ्या घ्यायचा. गोळीने त्याला उभं केलं हे खरंच, नाहीतर रिटायर व्हायच्या आधीच आडवा झाला असता. पण त्याला सगळंच गोड लागायला लागलं. आळणी भाजी गोड, साहेबाची शिवी गोड. माझी बायको, म्हणजे त्याची सख्खी बहीण, गेली तेव्हाही याचे डोळे कोरडे. तेराव्याला पानावर बसून शांतपणे म्हणतो, "भाऊजी, कढी छान झालीय." माझं डोकं फिरलं. मी बोलणंच टाकलं.

मग डॉक्टरांनी गोळी थोडी थोडी कमी करायला घेतली. याचा जन्म कारखान्यात टर्बाइनच्या शॉपमध्ये गेलेला, म्हणून कॉलनीभर सांगत सुटला, "टर्बाइन बंद केलं तरी आतला फिरता दांडा, रोटर, हळूहळू फिरवत ठेवतात. गरम असताना एकदम थांबवला तर वाकतो." आणि रोज सकाळी बागेत फेऱ्या मारू लागला, इतक्या सावकाश की कुत्री पुढे निघून जायची. गोळी कमी झाली की डोक्यात मधूनच वेल्डिंगची ठिणगी उडते म्हणायचा. भाजीवाल्याशी भांडला, माफी मागायला गेला, तिथेही भांडला.

एका सकाळी माझ्या दारात हुंदके देत उभा. "भाऊजी, ताई गेली हो."

"अरे गाढवा, वर्ष झालं तिला जाऊन."

"मला आज पोचलं."

मी त्याला आत घेतलं. दोघं असे रडलो की शेजारीण धावत आली, कोण गेलं म्हणून. मी म्हटलं, "माझी बायको." ती बिचारी चहा ठेवायला गेली.

दुसऱ्या दिवशी हा परत हजर. "चला फिरायला. तुम्हीही अजून गरमच आहात."

तेव्हापासून आम्ही रोज सोबत. पुढे गोळी पूर्ण सुटली. फोनवर स्वतःच्या लेकीशीही भांडायला लागला तशी ती म्हणाली, "आता कुठे माझे बाबा परत आले," आणि त्याला कायमचं आपल्याकडे नागपूरला बोलावून घेतलं. काल कचोरी खाऊन संध्याकाळच्या गाडीने गेला. पिशवी मी का उचलली म्हणून स्टेशनवर माझ्याशीही भांडला. बरं वाटलं.

आज सकाळी मी एकटाच बागेत गेलो. सावकाश फिरलो. कुत्री पुढे निघून गेली.