टोकं तेवढी काढ

बावन्न वर्षांची झाली तरी ती धाकटीच. थोरल्या बहिणीने लहानपणी मारलेली हाक तिला अशी चिकटली की गल्लीतली पोरंसुद्धा तिला धाकटी मावशी म्हणायची. थोरलीचा नवरा लवकर गेला, धाकटीचं लग्न जमता जमता राहिलं, आणि दोघींनी दोन खोल्यांत मिळून थोरलीचा मुलगा वाढवला. रोज सकाळी थोरली धाकटीची वेणी घालायची. चांगली कमरेखाली जायची वेणी. घालता घालता अख्ख्या जगाचा उद्धार चालायचा. “मान सरळ धर गं बाई, नाहीतर वेणी शेजारणीच्या घरात जाईल!”

मग मुलाला लांबच्या शहरात नोकरी लागली, नातू झाला आणि थोरली तिकडे गेली. जाणं भागच होतं, कुणाला बोल कसा लावणार? पण एवढ्या केसांचं धाकटीने करायचं काय? उजवा खांदा कधीचा आखडलेला, हात मानेमागे पोचायचा नाही. आठवडाभरातच मागे असा गुंता झाला की कंगव्याचे दात मोडले. कुणीतरी म्हणालं, केस सरळ करून घे, विंचरायचा त्रासच नको. हिने ऐकलं! मोठ्या झगझगीत पार्लरात जाऊन औषध लावून, गरम इस्त्री फिरवून आली. करायला गेली एक आणि झालं एक. दोन महिन्यांत केस वाळक्या गवतासारखे तुटायला लागले. उरले ते मानेपर्यंत, खरखरीत.

फोनवर तिचं डोकं बघून थोरली रडलीच. “वाढव गं परत. सुट्टीत येते ना मी, तेव्हा वेणी घालीन.”

झालं, धाकटीने ध्यासच घेतला. ओल्या केसांना कंगवा लावायचा नाही. रुंद दातांनी आधी खालची टोकं सोडवायची, मग हळूहळू वर. कढत पाणी बंद. टॉवेलने खसाखसा पुसणं बंद, जुन्या सुती चादरीचा तुकडा नुसता दाबून धरायचा. उशीला गुळगुळीत अभ्रा. एवढे लाड तिने स्वतःचे उभ्या जन्मात केले नव्हते.

आणि दर दुसऱ्या मंगळवारी, ती कामाला होती त्या दुकानाच्या सुट्टीला, गल्लीतल्या एका खुर्चीच्या पार्लरात जायचं. केस कापणारी पोरगी जिभेने तिखट, हाताने मऊ. तिनेच पहिल्यांदा सांगितलं होतं, जळका भाग थोडा थोडा काढत राहू, नवे केस मागून येतील. धाकटी बसायची आणि म्हणायची, “टोकं तेवढी काढ.” पोरगी तिची मान मागे केस धुवायच्या भांड्यावर टेकवायची, कोमट पाणी सोडायची, बोटं कानामागून मानेपर्यंत फिरवायची. धाकटी डोळे मिटून घ्यायची.

बाकी दिवस ती चष्म्याच्या दुकानात. दिवसभर परक्या माणसांच्या कानांवरचे केस बाजूला सारायचे, काडी बसवायची, विचारायचं, “टोचत नाही ना?” तिला असं विचारणारं कुणी नव्हतं. घरी कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, रेडिओ लावायचा. कुणी बोलतंय एवढं तरी वाटायला हवं ना!

वर्ष सरलं. केस खांद्याखाली काही उतरेनात.

“अजून तेवढेच?” थोरली फोनवर म्हणायची. “तेल डोक्याला लावतेस की दिव्यात घालतेस?”

“वाढतायत गं. पण फाटे फुटतात ना, कापावे लागतात.”

पहिली सुट्टी नातवाच्या तापात गेली. दुसरीच्या आधी थोरली म्हणाली, “खरं सांगू? आता एवढा प्रवास मला झेपायचा नाही. तूच ये इकडे.” पण तिकडे थोरली स्वतःच नातवाच्या पलंगाच्या कडेला झोपते, हे दोघींनाही ठाऊक होतं. धाकटी “बघते” म्हणाली. फोन ठेवला आणि पदराने डोळे पुसून भांडी घासायला लागली.

पुढच्या मंगळवारी ती खुर्चीत बसली. “टोकं तेवढी काढ.”

पोरीने केस हातात धरले, पण कात्री लावेना. “मावशी, एक बोलू? रागवायचं नाही. जळके केस कधीच संपले. आता मी चांगले केस कापतेय, दर खेपेला. माझं गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे, पण सहा महिने इकडे फिरकू नका. बघा कसे झरझर वाढतात!”

धाकटीला हे माहीत नव्हतं म्हणता? दुसऱ्यांच्या डोळ्यांना चष्मे लावणारी बाई ती, तिला स्वतःची टोकं दिसत नसतील? सगळं दिसत होतं. पण कुणी ते असं तोंडावर बोलेल, हे तिच्या मनातही नव्हतं.

“आणि सहा महिने माझ्या डोक्याला हात कोण लावणार गं?”

शब्द तोंडातून गेले आणि ती चरकली. पोरीने कात्री खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, “मग नुसत्याच या ना. धुवून देईन, विंचरून देईन. पैसे नकोत मला.”

“नुसती कशाला येऊ?” धाकटी एकदम तडकली. “मी काय आजारी आहे? लोक विचारतील, काय काम होतं म्हणून. काय सांगू?”

धाकटीने आरशात पाहिलं. केस खरंच सुरेख झाले होते, काळेभोर, मऊ. थोरलीने पाहिले असते तर दृष्ट काढली असती.

“आणि बारीक कापले तर?” तिने विचारलं.

“बारीक म्हणजे?”

“अगदी कानावर. पुरुषांसारखे.”

“अहो, एवढे जपलेत आणि... शिवाय बारीक केस म्हणजे डोक्याला ताप, मावशी. लगेच वेडेवाकडे वाढतात. दर आठवड्याला येऊन बसावं लागेल.”

“दर आठवड्याला?”

“हो, मग काय!”

“मग काप,” धाकटी म्हणाली आणि तिने मान पुढे वाकवली.