चष्म्यातला माणूस

गोदामातल्या काकूंचं या वयात कुणाशी तरी जुळलंय, ही बातमी चहाच्या सुट्टीत फुटली आणि सुट्टी संपायच्या आत मागच्या दारापर्यंत पोचली. पुरावे भक्कम होते. काकू रॅकसमोर एकट्याच हसत, मान डोलावत. एकदा तर साबणाच्या खोक्यांकडे बघून "पुरे हो आता, किती बोलाल!" असं लाजून म्हणताना फोर्कलिफ्टवाल्याने त्यांना ऐकलं होतं. 'लाजून' हे त्याने पदरचं घातलं असणार. बातमी कोरडी सांगायची त्याच्या घराण्यात पद्धतच नव्हती.

"तो चष्म्यातून बोलतो म्हणे. दुसऱ्या गोदामातला आहे, विधुर," एवढी माहिती लोकांना तयार मिळाली होती.

चष्मा मात्र खरा होता. तो घातला की उजव्या डोळ्यासमोर हवेत एक बाण दिसायचा: इकडे वळा, हा कप्पा, इतके नग. हातात ना कागद, ना स्कॅनर. तो चालतो की नाही हे बघायला कंपनीचे एक साहेब आले होते. त्यांना सगळे चष्मेवाले म्हणत, त्यांना स्वतःला चष्मा नसताना. चाचणीची रीत अशी, की एकीने चष्मा घालून माल काढायचा आणि दुसरीने पडद्यासमोर बसायचं. पहिलीला दिसतं ते दुसरीला पडद्यावर दिसणार, बाणासकट. अडलं तर तिने कानात सांगायचं.

चालण्यात काकूंचा हात कोण धरणार? चष्मा त्यांच्या नाकावर आला. पडद्यासमोर बसवली पॅकिंगच्या टेबलावरची त्यांची नणंद. एका घरातल्या आहेत, छान जमेल, असा साहेबांचा हिशेब. नणंद-भावजयींनी कुकरवरून बोलणं टाकलं होतं, हे त्या भल्या माणसाला कोण सांगणार? कुकर नणंदेने नेला होता आणि परत आला तो शिट्टीशिवाय. "दिली होती" आणि "नव्हती" या दोन शब्दांवर घर दुभंगलं होतं.

पण काकूंचा जीव टांगणीला लागला होता तो वेगळ्याच कारणाने. त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर बरेच दिवस धुकं होतं. स्कॅनर डाव्या डोळ्याजवळ धरून त्यांनी निभावून नेलं होतं. हे कळलं तर त्यांना रॅकमधून काढून भिंतीकडच्या स्टुलावर लेबलं चिकटवायला बसवणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्या स्टुलावर बसलेलं माणूस पुन्हा उठलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी काकू दोन रॅकांच्या मध्ये खांबासारख्या उभ्या राहिल्या. पडद्यावर बाण डावीकडे लुकलुकत होता. नणंदेला वाटलं, मुद्दाम करतेय, मला बोलायला लावतेय. मग चित्रात काकूंचा हात आला. बोटं कप्प्याची कड चाचपत होती, अंधारात दिव्याचं बटण शोधावं तशी. नणंद बघत राहिली. इतकी वर्षं तिने भावजयीच्या चुका समोरून पाहिल्या होत्या. आज प्रथमच ती तिच्या जागेवरून बघत होती.

"डावीकडे, वहिनी," ती हळूच म्हणाली. "वरून दुसरा कप्पा. निळं खोकं."

काकूंनी खोकं काढलं. मग कानात नणंदेचा प्रश्न आला.

"कधीपासून?"

"साहेबांना सांगणार का, वन्सं?"

"कुकरची शिट्टी परत दिली होती हे कबूल करा, मग बघू."

"नव्हती दिली."

"मग धडपडा. पुढचं उजवीकडे. अहो उजवीकडे, बाई!"

असं सुरू झालं. बाण काकूंना कधी दिसला नाही, पण नणंदेचा आवाज होता. मधल्या मोकळ्या चालण्यात तुंबलेलं सगळं बोलून झालं: कोण कुणाला काय म्हणालं, कोणाचं सांत्वन करायला कोण आलं नाही. समोरासमोर जे बोलवत नव्हतं, ते कानात बोलवत होतं. काकू हसायच्या ते तेव्हा. कधी चष्मा काढून डोळे पुसायच्या, तेही तेव्हाच.

चष्मेवाले खूश झाले आणि तिथेच घात झाला. "इतकं उत्तम चाललंय, उद्यापासून पडद्यासमोर कुणी नको. काकू एकट्याच."

"आता?" काकूंनी कानात विचारलं.

"आता मी काय आयुष्यभर तुमच्या कानात बसू? जा, सांगा. मी येते सोबत."

दोघी साहेबांसमोर उभ्या राहिल्या. काकूंनी सांगून टाकलं आणि भिंतीकडच्या स्टुलाकडे नजर जाऊ दिली नाही. साहेब ऐकत राहिले. आधीचे सगळे निकाल रद्द करावे लागतील, असं म्हणून त्यांनी कपाळाला हात लावला. मग चष्मा घेतला, बाण दाखवणारी बाजूची चकती उजवीकडून काढून डावीकडे बसवली आणि परत दिला.

"आता बघा."

बाण दिसला. छोटा, हिरवा, थोडासा थरथरणारा.

"एवढंसंच?" काकू म्हणाल्या. "मला वाटलं, केवढा असेल."

काकू रॅकमध्येच राहिल्या. पुढे डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा नणंद सोबत होती. शिट्टीचा निकाल अजून लागलेला नाही.

चष्म्यात विधुर वगैरे कुणी नव्हता. काकू एकट्या का बोलतात याची चौकशी डोळ्यापर्यंत जाऊ नये, म्हणून ती अफवा नणंदेनेच उठवली होती.