डावा कौल

ऑगस्टात आमच्या वाडीपर्यंत गाडी येत नाही. वडिवळ्याच्या धरणाकडून वर येणारा रस्ता शेवटी शेवटी नुसता चिखल असतो, त्यामुळे कामशेतहून आलेली गाडी खालीच थांबली आणि माझ्या दोन बॅगा खाली न्याव्या लागल्या. बॅगांना चाकं होती. कुठल्याही दिशेला वळणारी चार चार चाकं, दुकानदाराने फरशीवर फिरवून दाखवलेली. आबांनी मोठी बॅग खांद्यावर घेतली, लहान आईने डोक्यावर घेतली, आणि मी पासपोर्टची पिशवी छातीशी धरून दोघांच्या मागे निघाले. लावणी उरकली होती, खाचरं भरली होती, आणि बांधावरून आमची ही वरात चालली होती. गाडीपाशी पोचल्यावर आबांनी बॅग डिकीत ठेवली, ड्रायव्हरला चहा झाला का विचारलं आणि मला म्हणाले, "पोचल्यावर फोन कर." विमानतळावर ते आले नाहीत. गुरं कोण सोडणार, असं कारण होतं आणि ते खरंही होतं.

तुमच्यापैकी जे असेच कुठे कुठे गेले, त्यांना निघतानाचा दिवस जास्त आठवत असेल. मला त्याच्या आधीचा काळ आठवतो. डिसेंबर ते एप्रिल. वाट बघण्याचा. आणि वाडीत जे मागे राहिले, त्यांनी तर मला तेव्हा रोज बघितलंच आहे, मोबाइल वर धरून खळ्याच्या कडेला उभी असलेली. वाडीत रेंज तेवढ्या एकाच जागी यायची.

पुण्यात एम.ए. झालं, दोन वर्षं एका कॉलेजात तासांवर शिकवलं, ते तास बंद झाले आणि मी घरी परत आले. येण्याआधी अमेरिकेतल्या सहा विद्यापीठांना पीएच.डी.साठी अर्ज पाठवून दिले होते. विषय होता धर्मांचा अभ्यास. वाडीत याचा अर्थ लावायला लोकांना फार वेळ लागला नाही. मी कीर्तनकार होणार असं काहींना वाटलं, मास्तरीण होणार असं बाकीच्यांना. सगळ्यांचा प्रश्न मात्र एकच असे, "लागला का नंबर?" मी नाही म्हटलं की पुढचं वाक्यही ठरलेलं होतं, "लागंल लागंल."

मला मात्र नंबर लागण्यापेक्षा तो लावणाऱ्यांची उत्सुकता जास्त होती. कोण असतील ती माणसं? कुठल्या खोलीत बसून वाचत असतील? मावळातल्या एका वाडीबद्दलची माझी तीन पानं वाचताना त्यांच्या डोळ्यांपुढे काय येत असेल? आईलाही हेच पडलं होतं. भाकरी थापता थापता तिने एकदा विचारलं, ती लोकं सगळं वाचतात का, का वरवर बघतात. मी म्हटलं, माहीत नाही. मग तिने विचारलं, त्यांच्यात एखादी बाई आहे का. असेल, म्हटलं. आई म्हणाली, "मग ती वाचंल," आणि तिच्यापुरता तो विषय मिटला.

त्या तीन पानांत मी कौलाबद्दल लिहिलं होतं. आमच्या वाडीच्या वर वाघजाईचं ठाणं आहे. मूर्ती नाही, शेंदूर लावलेला तांदळा आहे, म्हणजे गोलसर दगड. कुणाला काही अडचण आली की तिथे कौल लावतात. दगडाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या तांदळाचा एकेक दाणा चिकटवायचा, गाऱ्हाणं घालायचं आणि बसायचं. उजवा दाणा पडला तर हो, डावा पडला तर नाही. वाडीत हा कौल आबा, म्हणजे माझे वडील लावतात, त्यांच्या आधी त्यांचे वडील लावत. म्हणजे मी जे जगात कुणालाच माहीत नाही अशा थाटात लिहिलं होतं, ते माझ्या घरात भिंतीला टेकून विडी ओढत बसलेलं असायचं. आणि मी पुण्यात बसून, चार पुस्तकं चाळून, एक छानसं वाक्य केलं होतं: या लोकांना भविष्य जाणून घेण्याचा हा मार्ग आहे.

जानेवारीत एका विद्यापीठाचा ईमेल आला, मुलाखत घ्यायची आहे म्हणून. तयारी म्हणून मी ती तीन पानं मराठी करून घरात मोठ्याने वाचून दाखवली. खरं म्हणजे मला थोडी शाबासकी हवी होती. आबा तेव्हा राबाची तयारी करत होते. भाताचं रोप जिथे टाकायचं ती जागा शेण, झाडाच्या फांद्यांचा टहाळ, पाचोळा पसरून आधी भाजून घेतात, त्याला आम्ही राब म्हणतो. ते टहाळाच्या मोळ्या बांधत होते आणि ऐकत होते. भविष्याचं वाक्य आलं तसा त्यांचा हात थांबला.

"तसं न्हाई त्ये," आबा म्हणाले. "काय व्हनार त्ये कुनी इचारत न्हाई. आपुन काय करू, त्ये इचारत्यात."

मी म्हटलं, एकच झालं ना. ते म्हणाले, एक कसं? पाऊस पडेल का असं विचारलं तर ती कशाला सांगेल, ती काय रेडिओ आहे? पेरू का थांबू, असं विचारायचं. ते पण ज्याने पेरायचं त्यानेच. दुसऱ्याच्या हातातल्या गोष्टीचा कौल लागत नाही. एवढं बोलून त्यांनी मोळी आवळली.

हेच वाक्य सहा विद्यापीठांत जाऊन पडलं होतं आणि आता परत आणता येत नव्हतं. सत्तावीस वर्षांची झाले, त्याच घरात वाढले, शंभर वेळा कौल लागताना बघितला आणि त्यांना साधं विचारलं नव्हतं की आबा, तुम्ही नेमकं काय विचारता.

मुलाखत कामशेतला आत्याच्या घरून दिली. तिच्याकडे वायफाय होतं. संध्याकाळी साडेसातला पडद्यावर तीन जण आले, त्यात एक बाई होत्या, आणि मला उगाचच आईची आठवण झाली. दहा मिनिटांनी त्यांनी नेमकं त्याच वाक्यावर बोट ठेवलं. हा मुद्दा जरा उलगडून सांगा, म्हणाल्या. माझ्यापुढे दोन रस्ते होते. वाक्य तसंच रेटून न्यायचं, चार मोठे शब्द वापरायचे आणि सुटायचं, ते मला येत होतं. दुसरा रस्ता असा की ज्या जोरावर मी जागा मागत होते तोच पाया चुकला आहे, हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मी सांगितलं. म्हटलं, हे मी चुकीचं लिहिलंय, परवा माझ्या वडिलांनी मला दुरुस्त केलं. आणि आबा जे बोलले ते जसंच्या तसं इंग्रजीत घातलं. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मग विचारलं, तुमचे वडील आणखी काय सांगतात? मी म्हटलं, माहीत नाही, मी अजून विचारलं नाही.

फोन ठेवल्यासारखी ती मुलाखत संपली. आत्याने पोहे पुढे ठेवत विचारलं, बरी झाली का. म्हटलं, गेलं सगळं.

फेब्रुवारीपासून नकार यायला लागले. तिकडचा दिवस म्हणजे आपली रात्र, त्यामुळे ते माझ्यासाठी सकाळीच ताजे असायचे. आई गोठ्यात, मी खळ्यावर. नकारांची भाषा इतकी गोड की पहिले तीन मी दोनदा वाचले, नकारच आहे ना याची खात्री करायला. तिसऱ्यानंतर मी कच खाल्ली. त्या दिवशी दुपारी मी आबांना म्हटलं, माझ्यासाठी एकदा कौल लावा. नंबर लागेल का नाही, एवढंच विचारा. शिकलेली मी, त्यांनी जानेवारीतच समजावलेलं सगळं विसरून हे बोलले.

आबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "त्ये त्या लोकांच्या हातात हाय. तिला काय इचारायचं? आन डावा पडला तर तू गप बसशील?"

"नाही."

"मग इचारू नगं."

त्यानंतर आणखी दोन नकार आले. मार्चअखेर मुलाखतवाल्यांनी कळवलं की मी वेटिंग लिस्टवर आहे. हे घरी पटकन कळलं, कारण लोणावळा स्टेशनवर वेटिंगचं तिकीट काय असतं ते सगळ्यांना माहीत होतं. आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी खळ्यावर ईमेल उघडला तर पहिलाच शब्द अभिनंदन. पाच वर्षांचं विद्यावेतन, फी माफ. आठ दिवसांत होकार कळवायचा होता.

मी तो होकार कळवला नाही. म्हणजे लगेच कळवला नाही. चार महिने ज्या बटणाची वाट बघितली, ते समोर आलं आणि माझं बोट पुढे जाईना. तोवर जाणं ही नुसती इच्छा होती, आता त्याला तारीख आली. मला भाऊबहीण नाही. उतारावरची चार खाचरं, दोन गाई, आईचा दुखरा गुडघा आणि ही दोन माणसं. आई आनंदाने सगळ्या वाडीला सांगत सुटली होती. आबा मात्र रोजची कामं करत होते. ते खूश आहेत की नाही हे मला कळत नव्हतं आणि विचारायचं धाडस होत नव्हतं. पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, आता तर माझ्या हातातली गोष्ट आहे ना? जाऊ का राहू? आता कौल लावा. डावा पडला तर मी जाणार नाही.

त्यांनी विचारलं, "खरंच?"

मी व्हय म्हटलं, आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या दिवशी मी खरंच तसं ठरवलं होतं. स्वतः ठरवण्याचा मला इतका कंटाळा आला होता.

मंगळवारी सकाळी आंघोळ करून, उपाशीपोटी आम्ही वर गेलो. मी बाहेर पायरीवर बसले. आबांनी दगड पुसला, दाणे चिकटवले. एरवी ते गाऱ्हाणं मोठ्याने घालतात, चार लोकांना ऐकू जावं म्हणून, कारण काय विचारलं यावरूनच पुढे भांडणं होतात. त्या दिवशी त्यांचे फक्त ओठ हलले. मी कान देऊन बसले होते, तरी एक शब्द ऐकू आला नाही. मग आम्ही दोघेही त्या दोन दाण्यांकडे बघत बसलो. खाली कुणीतरी राब पेटवला होता, त्याचा धूर वर येत होता. ऊन पायरीवर आलं, मागे सरकावं लागलं. आणि मी बघत असताना डावा दाणा सुटला आणि खाली पडला.

वचन दिलं होतं. पायरीवर बसल्या बसल्या मी मनात नकाराचा ईमेलसुद्धा लिहायला घेतला, आपल्या संधीबद्दल आभारी आहे वगैरे, तितकाच गोड. राग येत होता, देवीचा नाही, स्वतःचा. आबा सावकाश उठले, बाहेर आले, माझ्या शेजारी बसले.

"कळीव त्यांना," आबा म्हणाले. "जा तू."

"डावा पडला, आबा."

"व्हय. पन तुजं म्या न्हाई इचारलं. माजं इचारलं. हिला थांबवू का, म्हून."

आणि ते चप्पल घालून उतरायला लागले.

आता दोन वर्षं होत आली. इथे माझी एक खोली आहे, खाली लॉन्ड्री आहे, कोपऱ्यावरच्या दुकानात बासमती मिळतो आणि इंद्रायणी मिळत नाही. रेंज घरभर आहे. ऑफिसात माझ्या टेबलावर कौलाच्या नोंदींची जाड वही आहे. दर रविवारी मी आबांना फोन करते आणि प्रश्न विचारते. दाणा अर्धवट सुटला तर काय समजायचं, एकच गोष्ट दोनदा विचारता येते का, ज्याने विचारलं तो मधेच उठून गेला तर. ते सगळ्याची उत्तरं देतात, न कंटाळता. खळ्याच्या कडेला आता ते उभे असतात. मुलाखत घेणाऱ्या त्या बाईच माझ्या मार्गदर्शक आहेत आणि माझी वही वाचून त्या म्हणतात, तुमच्या वडिलांना विचारण्यासारखं काहीच सोडलं नाहीत तुम्ही.

एक सोडलं आहे. आबांनी तो प्रश्न दाणा पडायच्या आधी विचारला होता, की दाणा डावा पडलेला बघून, आतून बाहेर येईपर्यंत तो बदलला? आधी विचारला असेल, तर माझ्या वडिलांना मला थांबवायचं होतं, निदान तसा विचार तरी त्यांनी केला होता. आणि नंतर बदलला असेल, तर आयुष्यभर त्या दगडापुढे एकही शब्द इकडचा तिकडे न केलेला माणूस माझ्यासाठी देवीशी खोटं बोलला. दोन्ही गोष्टी मनात आल्या की मला रडू येतं, आणि कुठली जास्त मोठी ते मला ठरवता येत नाही. माझं सगळं काम विचारण्याचं आहे, पगार त्याचाच मिळतो. पण घर म्हणजे काय, असं आता मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, जिथे मी हे विचारणार नाही ते.

रविवारी फोन संपताना आबा न चुकता म्हणतात, "आनखी काय इचारायचं ऱ्हायलंय का?"

मी म्हणते, नाही आबा, झालं सगळं. त्यावर ते "बरं" म्हणतात, आणि थोडा वेळ फोन तसाच धरून ठेवतात.