देवराईतलं गचपण

मी दुसरी इयत्ता अर्धी शिकलेला माणूस. पण आमच्या देवराईची खालची झाडी कशी गेली, ते मला विचारा. ती कापणाऱ्यांत मी पुढे होतो.

म्हसळ्याच्या अलीकडे आमचं गाव. सन एकोणीसशे पंचवीसच्या सुमारास राईत भर दुपारी वाट दिसत नसे. वेली, करवंदीच्या जाळ्या, गुडघाभर पाला आणि त्यात बोटाएवढी बेहड्याची रोपं. शिमग्याला मुंबईचे चाकरमानी आले, म्हणाले, देवाच्या दारात एवढी घाण बरी न्हाय. राईतली काडीही तोडायची नाही, हा गावाचा नेम. म्हणून गुरवाने देवाला कौल लावला. प्रश्न मी सांगितला, "झाडाला हात लावत न्हाय, गचपण तेवढं काढतो." कवेत मावेल ते सगळं आम्ही गचपणात धरलं. फूल उजवं पडलं, म्हणजे होकार. देवाला विचारलंच तसं, तो काय करणार?

जागा अंगणासारखी झाली. पाला शेतात, भाताचं रोप टाकायच्या जागी राब भाजायला नेला. पुढच्या पावसानंतर ऊन पडलेल्या जागी घाणेरी माजली, चार वर्षांत डोक्याच्या वर गेली. मग वादळात राईच्या मधला मोठा बेहडा आडवा झाला. पूर्वी असं झाड पडलं की खाली दबून राहिलेली रोपं उजेड मिळताच सरसर वर जात. आता वर जायला होतं कोण?

घाणेरी तोडायला कोयता घेऊन निघालो तर पाटील आडवे आले. "राईत कोयता चालायचा न्हाय. नेम हाय."

"मागं चालला तो?"

"तवा कौल होता."

गुरव पुन्हा कौल लावीना. मग घाणेरी हातांनी उपटली. रक्त निघालं. त्या सालच्या राबासाठी जमवलेला पाला पाटीतून उलटा राईत नेऊन पसरला. बायको म्हणाली, "अवो, घरचं तण काढताना तुमची कंबर दुखते, ती हितं कशी दुखत न्हाय?" त्या साली आमचं भाताचं रोप पिवळं पडलं, तेही तिने ऐकवलं.

दिवाळीला बेहड्याची नऊ रोपं मोजली. चार बकऱ्यांनी खाल्ली. पाच वाढली, आज चांगली उंच आहेत. पण त्यांच्याखाली पाला साचू देतील तर शपथ. अजून कुणीतरी झाडू घेऊन येतं, पुण्य लागतं म्हणे. मी म्हातारा तिथे काठी घेऊन बसतो.