अर्धी विहीर मंडळाबाहेर

राजेहो, माणसं काहीच न करता दर आठवड्याला जमली की किस्से फार होतात. काम करणाऱ्याचे कुठे किस्से? तो काम करतो आणि घरी जाऊन जेवतो. आमच्या विश्वसहकार्य मंडळाने नागपूरच्या महालातल्या आमच्या गल्लीत दर रविवारी मीटिंग भरवली, साऱ्या पृथ्वीचे प्रश्न हातात घेतले आणि एकही सोडवला नाही. त्यामुळे किस्से म्हणाल तर पोतंभर! लोक ऐकून हसतात, मीही हसतो. फक्त विहिरीचा सांगायला लागलो की तोंडाची चव जाते. गल्लीला गोड्या पाण्याची ती एकच विहीर, आणि तिचे मालक मंडळाचे दोन मेंबर. ते येईलच. आधी हे शहाणे लोक कोण होते ते ऐका.

*

तिकडे जिनिव्हात सगळ्या देशांची सभा भरते, लढाया, रोगराई, अफू, सगळं एकत्र बसून निपटवते, असं पेपरात वाचून रावबहादूरांच्या डोक्यात मंडळ आलं. रावबहादूर म्हणजे सरकारी नोकरीतून पेन्शनीत आलेले, गल्लीतल्या सर्वांत मोठ्या घराचे मालक. त्यांनी दोन नियम केले. एक, प्रत्येक मेंबराने एक देश घ्यायचा, आणि तो देश जिनिव्हात जे करेल तेच इथे करायचं. दुसरा, ठराव सर्वानुमतेच. एक जण नाही म्हणाला की ठराव बाद!

खुर्च्या त्यांच्या, म्हणून इंग्लंड त्यांनी स्वतःकडे ठेवलं. बापूसाहेब वकिलांना अत्तराचा शौक, ते फ्रान्स. त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारे गंगाधरपंत, तेही वकील, त्यांच्या घरी जर्मन बनावटीचं घड्याळ, म्हणून ते जर्मनी. डॉक्टरांना थंड हवा आवडायची, त्यांनी स्वित्झर्लंड उचललं. मी शाळेतला ड्रॉइंग मास्तर. मी पोचेपर्यंत सयाम उरला होता.

"आणि हिंदुस्थान?" मी विचारलं.

रावबहादूरांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मास्तर, हिंदुस्थानच्या वतीने बोलायला आम्ही आहोत ना!"

*

पहिलाच मोठा विषय निःशस्त्रीकरण. रावबहादूर म्हणाले, सुरुवात आपल्यापासून करू, काठ्या-छत्र्या दाराबाहेर ठेवा. त्यांची स्वतःची काठी सोडून, कारण ती गुडघ्यासाठी होती.

बापूसाहेब म्हणाले, "आधी जर्मनीने छत्री ठेवावी."

गंगाधरपंत म्हणाले, "छत्री हे शस्त्र नाही. आधी फ्रान्सने काठी ठेवावी."

छत्री शस्त्र आहे की नाही यावर सबकमिटी बसली. तीत हेच दोघे! सबकमिटीचा रिपोर्ट येईपर्यंत पावसाळा संपला, पंतांनी छत्री आपसूकच घरी ठेवली, आणि बापूसाहेबांनी काठी आपटून जाहीर केलं, "फ्रान्सचा विजय झाला!"

हे चाललं असताना माई चहा घेऊन आली होती. माई म्हणजे गंगाधरपंतांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन भावाकडे आलेली. रावबहादूरांच्या घरी बाईमाणूस नव्हतं, म्हणून रविवारचा चहा-चिवडा माईच्या गळ्यात. कप ठेवता ठेवता ती म्हणाली, "लहान पोरंही जेवताना तलवार खाली ठेवतात गा!"

रावबहादूर म्हणाले, "आउट ऑफ ऑर्डर."

*

एकदा चीनमध्ये मोठा पूर आला. मंडळात फारच हळहळ झाली. रावबहादूरांचे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू? ठरलं की पूरग्रस्तांना नागपूरकरांकडून काहीतरी गेलंच पाहिजे. पैसे पाठवणं बरं दिसत नाही, असं ज्यांच्याकडे होते त्यांचं मत पडलं. मग चिवडा ठरला. माई दोन दिवस चुलीपाशी उकडून निघाली. डबे भरले, दोरीने बांधले. मग पार्सलाचा खर्च कळला.

शेवटी बापूसाहेबांनी तोड काढली, "भावना पोचली की झालं. आपण इथे चीनच्या वतीने स्वीकार करू."

चिवडा आम्हीच खाल्ला, आणि रावबहादूरांनी उठून चीनतर्फे आभार मानले!

*

आमची अमेरिका म्हणजे इतवारीतले धान्याचे शेठजी. तिकडे अमेरिका सभेची मेंबर नाही, म्हणून हेही मेंबर होईनात. पण येत मात्र दर रविवारी. दारात, अर्धी खुर्ची आत, अर्धी बाहेर ठेवून बसायचे आणि सगळ्यांना सल्ले द्यायचे.

मी एकदा म्हटलं, "शेठजी, आत या ना, मेंबर व्हा."

"ना मास्तर, मी फक्त बघून राहिलो."

"काहून?"

"आत आलं की वर्गणी पडते!"

सगळ्या मंडळात खरं बोलणारा तेवढाच एक.

*

आता हसणं जरा कमी करा. मंडळ निघण्याआधी बापूसाहेब आणि गंगाधरपंत जिवलग दोस्त होते. एका बाकावर शिकले, एका वर्षी वकील झाले, आणि रोज संध्याकाळी विहिरीच्या ओट्यावर पचिशी खेळायचे. विहीर दोघांची, अर्धी अर्धी. मधली भिंत विहिरीवरून गेलेली. गल्लीतल्या बाया या अंगणातून नाहीतर त्या अंगणातून पाणी न्यायच्या, कोणी कोणाला अडवत नव्हतं.

फ्रान्स आणि जर्मनी झाल्यावर दोघांची पचिशी बंद. मग बोलणं बंद. त्या दोन देशांच्या सरहद्दीवर ऱ्हाइन नदी, म्हणून भिंतीला दोघंही ऱ्हाइन म्हणायला लागले!

माईने मात्र आपला कारभार सोडला नाही. ती भिंतीवरून सांबारवडीचं ताट पलीकडे द्यायची. एक दिवस बापूसाहेबांनी ताट परत सरकवलं. "माई, जकातीचं ठरल्याशिवाय जर्मनीचा माल फ्रान्समध्ये येणार नाही."

"बापू, तुले न्हाऊ घातलं आहे मी," माई तिकडून ओरडली. "खातो का कुत्र्याले घालू?"

बापूसाहेबांनी खाल्लं. पण रविवारी मंडळात त्याबद्दल निषेध नोंदवला! मोठी, शिकलेली माणसं, राजेहो. माझ्या वर्गातली पोरं अशी वागली असती तर मी छडी घेतली असती.

*

मग एका वर्षी दसऱ्याच्या सुमारास पटकी आली, म्हणजे कॉलरा. आधी नदीपलीकडे, मग बाजारात, मग आमच्या मागच्या गल्लीत. माझ्या घरी दोन वर्षांची पोर. बायको पाणी उकळून उकळून लाकडं संपवत होती. गल्लीत सगळ्यांनाच कुठे रोज इतकं सरपण परवडतं? म्युनिसिपालटीचा माणूस विहिरींत लाल दवाई टाकत फिरत होता. आमच्या विहिरीपाशी येऊन तो थांबला.

"दोन्ही मालकांची मंजुरी पाहिजे, बाई," तो माईला म्हणाला. मागे एकदा न विचारता चुना टाकला, तर दोन्ही वकिलांनी त्याला दोन नोटिसा दिल्या होत्या. त्याचं काय चुकलं?

बापूसाहेब म्हणाले, "टाका, पण माझ्या बाजूने."

गंगाधरपंत म्हणाले, "त्याच्या बाजूने टाकली म्हणजे माझ्या पाण्यावर त्याचा हक्क शाबीत होतो. माझ्या बाजूने टाका."

एकाच विहिरीचं पाणी, राजेहो! खाली भिंत नव्हती, भिंत वरच होती!

प्रश्न मंडळाकडे गेला. मी म्हटलं, आता तरी काम होईल, कारण डॉक्टर आहेत. मी डॉक्टरांना सगळ्यांसमोर विचारलं, "दवाई टाकली नाही तर काय होईल ते सांगा ना!"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "दोन राष्ट्रांच्या वादात स्वित्झर्लंडला मत देता येत नाही, मास्तर. मी न्यूट्रल आहे."

"अहो, पण डॉक्टर म्हणून?"

"डॉक्टर म्हणून विचारायचं तर दवाखान्यात या."

दवाई बापूसाहेबांच्या बाजूने टाकावी, असा ठराव मताला आला. इंग्लंड हो, फ्रान्स हो, सयाम हो. जर्मनी नाही. बाद! मी घरी येऊन हे सांगितलं तर बायकोने पोरीला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "उद्यापासून मी जुन्या शुक्रवारीच्या विहिरीवरून पाणी आणते. तुमच्या सयामले तोंड आहे का नाही, ते तुम्ही पाहून घ्या."

*

शनिवारी संध्याकाळी गंगाधरपंत स्वतः माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला. माईने त्यांच्याशी अबोला धरला होता. दोन दिवस तिने त्यांना वाढलं होतं, पण शब्द नाही. शेवटी एवढंच म्हणाली होती, "गंगाधर, हे पाणी सारी गल्ली पिऊन राहिली. तू वकिली कोणाची करून राहिला गा?"

"मास्तर, उद्या मी हो म्हणतो," पंत म्हणाले. "कोणाच्याही बाजूने टाका."

मी त्यांचे पाय धरायचाच बाकी राहिलो. बायकोला सांगितलं, तिने देवापुढे साखर ठेवली.

रविवारी सकाळी पेपर आला. जर्मनीने जिनिव्हाची सभा सोडली!

मी धावत रावबहादूरांकडे गेलो. पंत कोट-टोपी घालून उभे होते, हातात पेपर. मी म्हटलं, "पंत, आधी विहिरीचं हो म्हणा, मग पाहिजे तर सोडा."

ते म्हणाले, "नियम म्हणजे नियम, मास्तर. तो देश करेल ते करायचं." आणि पायऱ्या उतरून गेले. इतका प्रामाणिक गाढव मी दुसरा पाहिला नाही.

बरं, अजूनही काही बिघडलं नव्हतं. मी त्यांच्या मागे गेलो, तर ते वाटेतच म्हणाले, "मंडळ गेलं खड्ड्यात. मालक म्हणून मी तयार आहे. त्या माणसाला बोलवा." मी उलट पावली परत आलो आणि बापूसाहेबांना सांगितलं, पंत तयार आहेत, तुम्ही आधीच हो म्हणाला आहात, चला!

बापूसाहेब खुर्चीत मागे रेलले. "फ्रान्स जे काही करेल ते मंडळामार्फत करेल. सभा सोडून गेलेल्या राष्ट्राशी परस्पर बोलणी नाही."

"मग मंडळाने ठराव करा," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "आता तर नाही म्हणणाराही गेला!"

रावबहादूरांनी शांतपणे मान हलवली. "करता येणार नाही, मास्तर. अर्धी विहीर आता मंडळाबाहेर आहे."

डॉक्टर पुन्हा चष्मा पुसायला लागले. दारातून शेठजी म्हणाले, "मास्तर, पाणी उकळून पीत जा." मी कोणाला काय बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही. म्युनिसिपालटीचा माणूस दोनदा येऊन गेला आणि मग पुढच्या पेठेत निघून गेला.

*

माईला मंगळवारी पहाटे जुलाब-उलट्या सुरू झाल्या. पंतांनी डॉक्टरांना आणलं, डॉक्टर धावत आले, खरं सांगतो, बसले, जमेल ते सगळं केलं. बापूसाहेब भिंतीपलीकडे ओट्यावर उभे होते. माझी बायको माईच्या उशाशी होती. माईने तिला विचारलं, "पोरगी बरी आहे ना वं?" दुपारी माई गेली.

रविवारी मीटिंग भरली. मी गेलो, कारण ही माणसं आता काय तोंडाने बसतात ते मला बघायचं होतं. रावबहादूरांनी दुखवट्याचा ठराव मांडला. बापूसाहेबांना बोलता येईना, तरी ते उठले आणि म्हणाले, पॉइंट ऑफ ऑर्डर, मयत व्यक्ती मेंबर नसलेल्या राष्ट्रातली होती, ठराव नियमात बसतो का? त्यावर बरीच चर्चा झाली. माणुसकीच्या दृष्टीने बसतो, असं ठरलं. मग सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मत घेतलं. इंग्लंड हो, फ्रान्स हो, स्वित्झर्लंड हो, सयामही हो. मंडळ निघाल्यापासून सर्वानुमते पास झालेला हा पहिला ठराव!

गंगाधरपंत बाहेर ओसरीवर, शेठजींच्या खुर्चीशेजारी, डोकं धरून बसले होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं. रावबहादूरांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि सांगितलं की ठरावाची प्रत जर्मनीला टपालाने पाठवण्यात यावी.