वाचताना अडणाऱ्या माझ्या मुली

सत्तावीस वर्षं शिकवलं की किस्से शोधावे लागत नाहीत, खडूच्या भुकटीसारखे अंगावर साचत जातात. स्टाफरूममध्ये म्हणतात, "बाई, एखादा सांगा ना!" मी सांगते. सगळे हसतात. मला मात्र हल्ली नीट हसता येत नाही.

*

पहिली नोकरी शिरपूरजवळच्या खेड्यात. वर्गातली कोमल 'शाळा' हा शब्द 'ळाशा' असा लिहायची. मी नवी आणि कडक! म्हटलं, "शंभर वेळा लिहून आण."

दुसऱ्या दिवशी तिनं वही पुढे केली. "बाई, आते बरोबर शे ना?"

शंभरच्या शंभर वेळा, सुबक अक्षरात: ळाशा!

मला हसू आवरलं नाही. मग अख्खा वर्ग हसला. कोमल आठवडाभर आलीच नाही. शेवटी तिचे आबा शाळेत आले. "बाई, तिले बठ्ठं समजस," ते अहिराणीत हळूच म्हणाले; बठ्ठं म्हणजे सगळं. "हसनंबी समजस."

*

पुढे बदली होऊन नशिराबादला आले. तिथली सुनीता धडा घडाघडा वाचायची. मी सगळ्यांना सांगायचे, "वाचावं तर असं!"

एकदा सहज तिच्या मागे जाऊन उभी राहिले. वाचन पुढच्या पानावर पोचलं होतं, पुस्तकाचं पान मात्र तिनं उलटलंच नव्हतं! धडा नुसता ऐकून पाठ. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, आणि मला वर्षभर पत्ता नाही.

*

जळगावला समावेशक शिक्षणाचं ट्रेनिंग होतं. साहेबांनी विचारलं, "समावेशन म्हणजे काय?"

आमचे एक गुरुजी ताडकन उठले. "सगळ्या मुलांना एकाच वर्गात बसवणं!"

"आणि शिकवणं?"

"ते पुढच्या ट्रेनिंगमध्ये असेल ना, सर?"

सगळ्यात मोठ्यानं मीच हसले होते.

*

दीपनगरची रूपाली चार वर्षं माझ्या वर्गात होती. प्रगतिपुस्तकावर दरवर्षी माझा शेरा, 'लक्ष देत नाही.' तिला डिस्लेक्सिया आहे, हे नववीत दुसऱ्याच बाईंनी ओळखलं. दहावीला तिला लेखनिक मिळावा म्हणून तिच्या आईबरोबर मी जळगावच्या खेपा घातल्या. उत्तरं रूपालीनं सांगायची, नववीतल्या एका मुलीनं लिहायची.

पहिला पेपर सुटला. मी फाटकाशी उभी होते.

"कसा गेला गं?"

"छान, बाई! पण ती लेखनिक मुलगी फार घाबरली होती. 'ज्वालामुखी' लिहिताना अडूनच बसली."

"मग?"

"मग काय! तिला म्हटलं, बिनधास्त लिही. चुकलं तर सांग, रूपालीनं लिहिलंय!"