कण्हेरीची वेणी
शेजारच्या मावशींची शेळी माझ्यामुळं मेली, हे कबूल करायला मला फार वर्षं लागली. कण्हेरीच्या फुलांचा वास आला की दुष्काळातली ती दुपार आठवते. साखर कारखान्याच्या वसाहतीत मी नवा कारकून होतो. आंघोळीचं पाणी घालून दाराशी कण्हेर जगवली होती आणि तिच्या तीन फांद्या सुतळीनं वेणीसारख्या पिळून बांधल्या होत्या. छाटलेल्या फांद्या कुंपणापलीकडं टाकल्या. कण्हेर विषारी, पण हिरवी असताना शेळी ती हुंगतही नाही, म्हणून निर्धास्त होतो. वाळलेला पाला ती भुकेपोटी खाईल, हे सुचलंच नाही. त्या दुपारी कुंपणाशी शेळी पाय झाडत पडलेली दिसली, तोंडाला फेस आणि फेसात माझ्या कण्हेरीची पानं. पलीकडं उंबऱ्यात मावशी नातीला त्याच शेळीचं दूध पाजत होत्या. मी धावत जाऊन वाटी उडवली. "आरं, येडा झालास का?" मावशी म्हणाल्या. "माशी पडली होती," मी कसंबसं बोललो. पोरीनं दोन घोट घेतले होते. दिवस मावळेपर्यंत मी तिथंच बसून तिचं तोंड न्याहाळत राहिलो. पोर खेळत राहिली, शेळी गेली. "उन्हानं गेली असंल," मावशी म्हणाल्या आणि मी मान हलवली. गेल्या महिन्यात त्याच नातीच्या लग्नात मावशींना बाजूला घेऊन त्या दुपारची गोष्ट काढली. त्या म्हणाल्या, "वाटीत माशी नव्हती, मला तवाच दिसलं. तू कधी बोलतूस, तेच बघत व्हते." मी त्यांच्या पायांना हात लावला. म्हणालो, "चुकलो, मावशी. पाला मीच टाकला होता. मला माफ करा."